पलीकडची भिंत

दिंडोरीकडच्या एका उड्डाणपुलाची भिंत कोसळली, तेव्हाची गोष्ट. एप्रिलची सकाळ होती. पुलाच्या चढाला दोन्ही बाजूंनी उंच भिंती होत्या. त्यातली एक ढासळली आणि सावलीला गाडी लावून बसलेला रसवंतीवाला तिच्याखाली दगावला. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. पंचनामा सुरू केला, वरचा रस्ता बंद केला आणि वाहतूक पलीकडच्या भिंतीखालच्या सर्व्हिस रोडने वळवली.

तोवर गर्दीने निकाल देऊनही टाकला होता. डिझाइन करणाऱ्या इंजिनिअर बाईंना अटक करा, अशा घोषणा सुरू होत्या. बाई स्वतःहून ठाण्यात आल्या आणि त्यांनी मला भिंत समजावली. बाहेर काँक्रीटचे तक्ते दिसतात. त्यांच्यामागे मुरमाचे थर घालतात आणि प्रत्येक थरात तक्त्याला जोडलेल्या लांब पट्ट्या अंथरतात. भरावाच्या वजनाखाली त्या पट्ट्या दाबून राहतात आणि तक्त्यांना मागून धरून ठेवतात.

“पट्ट्या शाबूत असतील आणि भराव कोरडा असेल, तर ही भिंत पडत नाही,” त्या ठामपणे म्हणाल्या. मला ते पटले नाही. आपल्या कामाची बाजू कोण घेत नाही?

मग रसवंतीवाल्याच्या बायकोचा जबाब घेतला. ती रडत नव्हती. “भिंतीतून पाणी गळायचं, साहेब. लय दिवस झाले. हे त्यातच फडकी भिजवायचे.”

भर उन्हाळ्यात भिंतीतून पाणी? मी ठेकेदाराच्या सुपरवायझरला उचलून आणले. निफाडकडचा, पन्नाशीचा माणूस. दमात घेतले, चहा पाजला, पण उत्तर एकच, “मला काय माहीत नाय.” संशयित माणूस वकील मागतो, घरी फोन लावू द्या म्हणतो. याने काहीच मागितले नाही, हे मला खटकत होते.

तेवढ्यात वायरलेसवर हवालदार बोलला, “पलीकडच्या बाजूने वाहतूक सुरळीत चालू आहे, सर.”

सुपरवायझर ताडकन उठला. “तिकडून? साहेब, तिकडून नका सोडू!”

“का?”

“पाइप आरपार गेलाय.”

मग भडाभडा सगळे बाहेर आले. रस्त्याने एका बागायतदाराची द्राक्षबाग दुभागली होती. विहीर एका बाजूला राहिली, निम्मी बाग दुसरीकडे. पाणी पलीकडे नेण्याची परवानगी लांबत चालली, म्हणून सुपरवायझरने भराव चालू असतानाच मुरमातून तिरका पाइप टाकू दिला आणि आड आलेल्या पट्ट्या दोन्ही भिंतींकडे कापल्या. आता तो पाइप आत गळत होता. बाई खरे बोलत होत्या.

“छाटणी झाली होती, साहेब. पाणी नाय मिळालं तर बाग गेली असती. काम चालू असताना त्यांच्याच घरी जेवायचो मी. नाय कसं म्हणू?” तो म्हणाला. “आधी त्यांची विहिरीवरची मोटार बंद करा.”

मोटार बंद करायला मी एक शिपाई पिटाळला, वायरलेसवरून रस्ता दोन्हीकडून रोखला आणि जीप काढली. भिंतीखाली मजुरांनी भरलेल्या पिकअप अडकल्या होत्या. हवालदार ओरडून एकेक गाडी मागे घेत होता आणि लोक त्यालाच शिव्या घालत होते. वरच्या तक्त्यांना पोट आले होते. सांध्यांतून मुरूम झरत होता. शेवटची पिकअप निघाली, आणि थोड्याच वेळात भिंत रिकाम्या रस्त्यावर आडवी झाली.

ठाण्यात परतलो तेव्हा सुपरवायझर अजून उभाच होता. “खाली कुणी नव्हतं ना?”

“नव्हतं,” मी म्हणालो आणि त्याला अटक केली.

गुन्ह्यामागे लोभ, राग नाहीतर भीती सापडतेच, अशी तोवर माझी समजूत होती. इथे एका माणसाच्या भिडेपायी दुसरा माणूस मेला होता. कायदा याला निष्काळजीपणा म्हणतो, आणि तेच बरोबर आहे. पण त्यानंतर कोणी ‘तेवढं सांभाळून घ्या’ म्हणाले की मी आधी लेखी परवानगी मागतो.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर रसवंतीवाल्याची बायको ठाण्यात आली. मी तिला सगळे सांगितले.

“म्हणजे त्यानं वाईट मनानं नाय केलं?”

“नाही.”

“मग मी शिव्या कुणाला देऊ, साहेब?”

मी तिला बसायला खुर्ची दिली.