ओला टावेल

शेजारच्या मावशी माझ्याकडे आल्या की आधी वॉशिंग मशीनपाशी जातात. दार उघडून आत नाक घालतात आणि झापतात, "कामून लावलंस गं दार? कुबट वास यायलाय." मग कमरेचं फडकं काढून दाराच्या रबराची घडी उलटी करतात आणि आतली काळी बुरशी पुसत बसतात. पावडरचा कप्पा काढून कठड्यावर उन्हात ठेवतात. सगळं बोलणं हाताच्या तालावर. फडकं थांबलं की वाक्यही अर्ध्यात थांबतं.

त्यांच्या घरातली मशीन पुण्याच्या मुलानं घेऊन दिलेली. स्वतःची लुगडी त्या अजून दगडावरच धुतात. तरी दर रविवारी मशीन गरम पाण्यावर रिकामीच फिरवतात, पुसतात आणि दार उघडं ठेवतात. "तो आल्यावर त्याच्या कपड्याला वास नको लागायला," म्हणतात.

यंदा तो आला, पण एका रात्रीपुरता. सकाळी मळके कपडे तसेच बॅगेत कोंबून परभणी स्टेशनला गेला. मागं राहिला फक्त त्याचा ओला टावेल, मावशींच्या बाथरूमच्या खुंटीवर.

बाहेर पावसाची झड लागली होती. चार दिवसांनी मी गेले तर टावेल तिथंच, अजून दमट. मी तो उचलला.

"मावशी, टाकते मशीनीत. लय वास यायलाय."

त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, हलक्या हातानं परत खुंटीला अडकवला.

"येऊ दे," म्हणाल्या.