नऊ पांढरी नखं

माझा भाऊ गोसविन गेला तो एका अंगठ्यापायी. पाद्रीबाबा म्हणतात देवाची इच्छा. म्हणोत बापडे! घरात मी होते, ते नव्हते.

आम्ही घेंट शहरातले निळारी, निळीने कापड रंगवणारे. बापाची निळीची नांद गोसविनकडे आली आणि ती ढवळायला मी, त्याची विधवा बहीण. आमची नखं निळी ती निळीच. राखेने घासा, वाळूने घासा, ढिम्म हलत नाहीत. रस्त्यात लोक तोंड बघायच्या आधी हात बघतात आणि मग ठरवतात, बाजूला सरायचं की नाही. अंगावर आमच्या करडं कापड. किरमिजी झगा घालायचा तो व्यापारी संघातल्यांनी.

तीन वर्षांमागे सणाच्या मिरवणुकीत हे सगळं सुरू झालं. संताची पालखी किरमिजी झगेवाल्यांच्याच खांद्यावर असते. पुलावर त्यातल्या एकाचा पाय घसरला, पालखी कलली, आता संत नदीत जातो असं वाटलं. गोसविन गर्दीतून धावला आणि त्याने दांडी पेलली. आभार राहिले बाजूला, तो झगेवाला म्हणाला, "हात काढ, नीळनख्या. डाग पडेल."

डाग पडेल म्हणे! सणाचा धुतलेला, कोरडा ठणठणीत हात!

गोसविनने हात काढला. घरी येऊन जेवला नाही. "ताई," म्हणाला, "एकदा ती दांडी खांद्यावर घ्यायचीय मला. झगा घालून. कुणाची हात काढ म्हणायची छाती होणार नाही, असा."

"मग काय, नखं उपटणार आहेस?" मी म्हटलं. जळो माझी जीभ.

संघात शिरायची वाट एकच. धंदा सोडल्याची शपथ घ्यायची, एक वर्ष आणि एक दिवस नांदेला शिवायचं नाही, आणि मग संघाच्या दिवाणखान्यात दहा स्वच्छ नखं दाखवायची. दोन वर्षं मनात घोळवून गोसविनने शपथ घेतली. नांद शेजारच्या लांबिन रंगाऱ्याला दिली. रंगाऱ्यांच्या मंडळाने त्याचं नाव खोडलं. मी लांबिनकडे नांद ढवळायला जाऊ लागले. शपथ त्याची होती, माझी नव्हती, आणि बाईची नखं तपासतंय कोण?

नखं जपायला गोसविन हातमोजे घालू लागला, आणि लांबिन येता-जाता त्याची चेष्टा करायचा. "काय शेठ, हातमोजे घालून नाक कसं शिंकरता?"

"तुझ्या बाहीला," गोसविन म्हणायचा. तेव्हा हसायचा तो.

दूध उतू जाईल म्हणून बघत बसावं तसा तो खिडकीत नखांकडे बघत बसायचा. मुळाकडून पांढरं पुढे सरकत होतं. शिशिरापर्यंत नऊ नखं लहान मुलासारखी झाली. उजवा अंगठा मात्र हटेना. खूप वर्षांपूर्वी ढवळायच्या काठीचं कुसळ त्याच्या नखाच्या मुळात शिरलं होतं, नीळ घेऊनच. तिथून दोऱ्याएवढी निळी रेघ सारखी पुढे यायची. कापली की परत यायची.

हात दाखवायला बारा दिवस राहिले तेव्हा तो म्हणाला, "काढूनच टाकतो."

"वेडा आहेस का? नख नाही बघून विचारतील ना!"

"दारात चिमटलं म्हणेन. नसलेलं नख निळं नसतं, ताई."

मी आडवं पडायला हवं होतं दारात. नाही पडले. मलाही वाटत होतं त्याने ती दांडी धरावी, मीही गर्दीत उभी राहून बघावं. न्हाव्याने नख उपटलं, तेव्हा गोसविनने चामड्याचा पट्टा दातांत धरला होता आणि त्याचा दुसरा हात माझ्या हातात होता.

चौथ्या दिवशी हात सुजला. मग मनगटापासून काखेपर्यंत लाल रेघ चढली. आयुष्यभर ज्याला लाल रंग मिळाला नाही त्याला तो असा मिळाला. तापात तो विचारत राहिला, "किती दिवस उरले, ताई?" दोन उरले असताना तो गेला.

शवपेटीवर घालायची चादर मागायला मी संघाकडे गेले. त्यांची किरमिजी असते. कारकून म्हणाला, "हात दाखवले नाहीत त्याने. आमचा नाही." मग रंगाऱ्यांकडे गेले. त्यांची निळी असते. लांबिन खाली बघत म्हणाला, "शपथ घेऊन गेला ना तो. मंडळ नाही म्हणालं, ताई. माझ्या हातात असतं तर..."

"तुझ्या हातात नीळ आहे, लांबिन. बाकी काही नाही."

माझ्या भावाने अर्ध्या घेंटचे कपडे रंगवले, आणि त्याच्यावर कोरं मांजरपाट घालायची वेळ आली. बुडून मेलेल्या अनोळखी माणसावर घालतात तसं. मला रडू आलं नाही, संताप आला.

मी तशीच लांबिनच्या अंगणात शिरले, आमच्या बापाच्या नांदेशी गेले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. लांबिनने बघितलं आणि पाठ फिरवली. अडवलं नाही, तेवढ्यासाठी त्याला माझा हा शेवटचा नमस्कार! निथळते हात घेऊन मी घरी आले आणि शवपेटीवरच्या त्या कोऱ्या कापडावर, गोसविनच्या छातीच्या जागी, दाबून ठेवले.

पाद्रीबाबा ओरडले, "काय केलंस हे? हिरवं झालं सगळं!"

"थांबा थोडं," मी म्हटलं.

नांदेतून नीळ हिरवीच निघते; पुलाशी येईपर्यंत वाऱ्याने माझ्या दहाही बोटांचे ठसे निळे झाले होते. शवपेटीला खांदेकरी तीनच आले होते, पुढची उजवी दांडी मोकळी होती. ती घरापासून मीच धरली होती. समोरून दोघे किरमिजी झगेवाले येत होते. त्यांनी माझे हात बघितले, कापड बघितलं, आणि कठड्याला टेकून आम्हाला वाट दिली.

हात काढ असं मला कुणी म्हणालं नाही.