साडूंची फेरी

आमच्या साडूंची वाट न पाहणारं दुकान डोंबिवली पश्चिमेला मी तरी पाहिलेलं नाही. वर्गणीवाले दिसले की मालक मागच्या दाराने चहाला जातो, वजनकाटे तपासणारा आला की शटर अर्ध्यावर येतं. पण सकाळी साडेदहाला खांद्याला काळी पिशवी लावून आमचे साडू कोपरच्या बाजूने त्या बाजाररस्त्याला वळले की गल्ल्यावरचा माणूस पैसे काढून, हातात धरून, मान बाहेर काढून बसलेला असे. पैसे घेऊन जाणाऱ्या माणसाची लोक इतक्या आनंदाने वाट पाहतात हे मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. मी स्वतः पतपेढीत सव्वीस वर्षं पैसे देण्याच्या खुर्चीवर बसलो. कर्जं मंजूर केली, मुदती वाढवून दिल्या. माझी वाट कुणी पाहिली नाही. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला, पण बसलोच आहे तर सरळ लिहितो. मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. अधूनमधून नव्हे, जेवताना, दाढी करताना, ऑफिसात पंख्याखाली बसलेलो असताना वाटायचा.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ठाण्याची त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा आमच्या पतपेढीत पिग्मी एजंट म्हणून त्यांना मीच चिकटवलं. पिग्मी म्हणजे रोज दुकानोदुकानी फिरून कुणाचे वीस, कुणाचे शंभर गोळा करायचे, पावती द्यायची, संध्याकाळी पतपेढीत भरायचे. वर्ष भरलं की दुकानदाराला ती रक्कम व्याजासकट मिळते आणि एजंटला जमा केलेल्या पैशांवर थोडं कमिशन. माझा हिशेब असा होता की हा माणूस उन्हातान्हात कुरकुरत फिरेल आणि जन्मभर माझ्या उपकाराखाली राहील. यातलं दुसरं मला विशेष हवं होतं. महिन्याभराने ते केबिनमध्ये आले, दार ओढून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "साडूभाऊ, इतकी मजेची नोकरी तुम्ही स्वतः का नाही हो घेतलीत?" खरं तर ऑफिसात ते मला साहेब म्हणत आणि घरी साडूभाऊ. जिन्यात गाठ पडली तर काय म्हणावं हे त्यांचं कधीच ठरलं नाही, म्हणून जिन्यात ते नुसता नमस्कार करत.

त्यांच्या फेरीतली मोठी अडचण म्हणजे बोहनी. पहिलं गिऱ्हाईक झाल्याशिवाय आपल्याकडचा दुकानदार गल्ल्यातून रुपया बाहेर काढत नाही. बाकीचे एजंट "बोहनी झाली नाही, नंतर या" हे ऐकून पुढे जात आणि दुपारी पुन्हा चक्कर मारत. आमच्या साडूंना हे पटेना. बोहनी झाली नाही ना, मग आपणच करावी, असा त्यांनी सोपा मार्ग काढला. ते दुकानात शिरत, सगळ्यांत स्वस्त जे असेल ते विकत घेत, दुकानदार त्यांची नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाके आणि मग पिग्मी काढून देई. सकाळच्या फेरीत अशी सात-आठ दुकानं लागत. वर्षाचे दिवस मोजा म्हणजे त्यांच्या घरात काय साठलं असेल ते कळेल. पलंगाखाली बिजागऱ्या, माळ्यावर झिपा, फ्रिजवर केसांचे चाप, देवघराच्या खणात सायकलचे व्हॉल्व्ह. लेक लग्न होऊन पुण्याला गेली तरी बाळाची टोपडी येतच होती, कारण टोपडंवाल्याची बोहनी हमखास उशिरा होई. माझी मेव्हणी एकदा म्हणाली, "भाऊजी, आमच्याकडे अकरा कुलपं आहेत आणि दार एक. ह्यांचं कमिशन ह्यांच्या बोहनीत जातं." साडू म्हणाले, "अगं, पण त्यांचा दिवस चांगला जातो ना." लोक म्हणायला लागले की ह्यांच्या हाताला गुण आहे. माझ्या हाताने लाखालाखांची कर्जं गेली; माझ्या हाताला गुण आहे असं घेणाऱ्यांपैकी एकही म्हणाला नाही.

खातं त्यांना कधी आकड्याने माहीत नव्हतं, कोण कशासाठी साठवतंय त्यावरून माहीत होतं. संध्याकाळी भरणा करताना ते काउंटरवर सांगत, "टेलरमामांचा फ्रिज चार दिवस मागे पडलाय. इस्त्रीवाल्याच्या मुलीचं नर्सिंग मात्र जोरात चाललंय. चपलेवाल्याने आज दातांचे पन्नास जास्त टाकले." क्लार्क पोरी हसत आणि बरोबर खात्यावर टाकत. मी त्यांना समज दिली की संस्थेत खाते क्रमांक बोलायचे असतात. साडू म्हणाले, "बरोबर आहे साहेब," आणि दुसऱ्या दिवशी क्रमांक सांगायला लागले. तीन पावत्या चुकल्या. चौथ्या दिवशी माझ्याच हेड क्लार्कने आतून विचारलं, "काका, सरळ सांगा ना, हे फ्रिजचे की दातांचे?"

पण मला खरं लागलं ते पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी. मी डोंबिवलीतच एका नर्सिंग होममध्ये पाच दिवस होतो. साडू रोज सकाळी येऊन बसत. दुसऱ्या दिवशी दारात टेलरमामा उभे. मला अगदी भरून आलं. हा माणूस मला ओळखतो हेच मला माहीत नव्हतं. मी उशीला टेकून बसायचा प्रयत्न केला. ते माझ्या पायथ्याशी वळसा घालून पलीकडे गेले आणि म्हणाले, "काका, इथे आहात होय. दोन दिवस झाले, म्हटलं काय झालं." मग इस्त्रीवाला आला, मग चपलेवाला, मग फुलवाल्या ताई गजऱ्यांची पुडी घेऊन. माझ्या अंगावरून पन्नासच्या नोटा जात होत्या, पावत्या येत होत्या. निघताना प्रत्येक जण मला म्हणे, "आराम करा हां, साहेब," आणि साडूंना म्हणे, "उद्या इथेच ना?" नर्सने मला विचारलं, "हे कोण, नगरसेवक का?"

मग नोटा आटायला लागल्या. दुकानांत क्यूआर कोडचे पुठ्ठे लागले आणि पैसे जमा झाले की मोठ्याने ओरडून सांगणारे ते डबे आले. साडू त्या डब्यातल्या बाईलाही उत्तर देत: "ऐकलं हो ताई, पंचवीस आले." टेलरमामा म्हणत, "काका, गल्ल्यात कागद नाही हो. सगळं फोनमध्ये." यावर साडूंनी जो तोडगा काढला तो त्यांनाच सुचू शकतो. दुकानदाराने पैसे साडूंच्या फोनवर पाठवायचे, साडूंनी तेवढे एटीएममधून काढायचे आणि संध्याकाळी आमच्या काउंटरवर रोख भरायचे. कारण काय, तर पिग्मी हातात द्यायची असते. एटीएममधून पाचशेच्याच नोटा निघत, म्हणून सुट्ट्या पैशांसाठी आणखी बोहनी.

त्याच सुमारास पतपेढीने अ‍ॅप घ्यायचं ठरवलं. पिग्मी दुकानदाराच्या खात्यातून रोज आपोआप कापली जाणार, एजंट नको. संचालकांच्या बैठकीत विचारलं गेलं की सुरुवात कुठल्या फेरीपासून करायची. एजंट सहा होते. दोघे थकलेले, एक स्वतःहून सोडायला निघालेला. त्यांच्यापासून सुरुवात करता आली असती. मी म्हणालो, "आमच्या साडूंच्या फेरीपासून करू. तिथले ग्राहक फोनवर पैसे देतातच." कुणीतरी म्हणालं, "नात्यातला माणूस आहे, वाईट वाटेल." मी म्हणालो, "मी समजावतो." माझा आवाज किती साधा होता ते मला अजून ऐकू येतं. आणि त्याच संध्याकाळी साडूंना जिन्यात गाठून मी सांगितलं, "वरून आलंय. मी बोलून पाहिलं." त्यांनी सवयीने नमस्कार केला.

त्यांनी तक्रार केली असती तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी उलट अ‍ॅप बसवण्याचं काम स्वतःकडे घेतलं. पतपेढीची दोन शिकलेली मुलं रस्त्यावर गेली होती, त्यांना कुणी फोन हातात देईना. "काका आले तर करू," दुकानदार म्हणाले. मग तीन आठवडे साडू दुकानोदुकानी बसून, चष्मा कपाळावर ढकलून, लोकांची नावं एकेका बोटाने टाइप करत होते. आपल्याला घरी बसवणारं यंत्र एकशे चाळीस फोनांत त्यांनी स्वतःच्या हाताने घातलं. एक दिवस मीही बरोबर गेलो, म्हटलं पाहावं. प्रत्येक दुकानात दोन चहा येत, एक त्यांना आणि दुसरा, "हे कोण?" असं विचारून झाल्यावर, मला. चपलेवाला म्हणाला, "काका, हे टाकलं की तुम्ही येणार नाही ना? मग नका टाकू." साडूंनी त्याला समजावलं, "वरून आलंय रे. आमच्या साडूंनी पुष्कळ सांगून पाहिलं." मी चहा पीत राहिलो.

पुढे सहा-सात महिने तसेच गेले. मग मी टेलरमामांकडे पँट कमी करायला गेलो तर ते पैसे घेईनात. "तुम्ही काकांसाठी भांडलात म्हणे," ते म्हणाले. "नात्याची माणसं अशी राहिलीत कुठे." मी ती पँट घेऊन घरी आलो आणि ती मला घालवेना.

रविवारी दुपारी कोपरला साडूंकडे गेलो. ते गॅलरीत बसून बिजागऱ्यांना तेल लावत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी तेलाची बाटली खाली ठेवली.

"म्हणजे वरून नव्हतं आलं?"

"नाही."

"आणि बोलून पाहिलंत, तेही नाही?"

"नाही."

"का पण?"

मी म्हटलं, "तुमचा हेवा वाटायचा."

स्वयंपाकघरातून मेव्हणी म्हणाली, "ह्यांचा? बनियन उलटा घालून कल्याणपर्यंत जाऊन येतात, त्यांचा?" पण साडू हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. बोटांचं तेल पुसत म्हणाले, "काम गेलं ते जाऊ द्या. आज नाही तर उद्या जाणारच होतं, नोट दिसते कुठे आता. पण साडूभाऊ, मी एकशे चाळीस दुकानांत सांगून आलो, वरून आलंय म्हणून. माझ्या तोंडावर विश्वास ठेवला लोकांनी. तुमचं खोटं मी घरपोच दिलं." मी मान खाली घातली. "पावती चुकली तर मी त्याच दिवशी परत जाऊन बदलून द्यायचो," ते म्हणाले. "ही आता बदलायला लागणार."

मला वाटलं, रागात बोलताहेत. दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्यांनी काळी पिशवी खांद्याला लावली आणि निघाले. पाच दिवस ते फिरत होते. प्रत्येक दुकानात जाऊन, बसून, सांगायचे: ते वरून नव्हतं आलं, आमच्या साडूंनी केलं होतं, मला माहीत नव्हतं. आणि वर जोडायचे, "त्यांना काही बोलू नका." लोकांनी हे दुसरं वाक्य फारसं मनावर घेतलं नाही. टेलरमामांनी मला रस्त्यातच विचारलं, "काय साहेब, वरून म्हणजे कितव्या मजल्यावरून?" आणि पँटचे ऐंशी रुपये मागून घेतले. इस्त्रीवाला म्हणाला, "आम्ही बाहेरच्याला शिव्या घालत होतो, साहेब. घरातला निघाला." ज्या रस्त्यावर मला सव्वीस वर्षं कुणी ओळखत नव्हतं तिथे आता मला प्रत्येक जण ओळखतो. बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, तेव्हा ते चार दिवस बरे होते असं वाटलं.

शेवटी एकच नाव उरलं. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक काकू होत्या. त्यांनी केंद्र बंद केलं होतं आणि त्या कल्याणला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. साडू म्हणाले, "तिथे तुम्ही चला. एका ठिकाणी तरी तुम्ही सांगा."

आम्ही गेलो. चौथा मजला, नवी सोसायटी. काकूंनी दार उघडलं आणि साडूंकडे पाहून नुसता पदर सावरत राहिल्या. मी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगितलं. मग त्यांनी मला नव्हे, साडूंना विचारलं, "म्हणजे आता तुम्ही परत फेरीला येणार?"

"नाही काकू."

"मग कुणी केलं ते कळून मी काय करू? बसा, पोळ्या टाकते."

तास-दीड तास ते दोघं बोलत होते. फ्रिज आला का, नर्सिंगवाली कुठे लागली, चपलेवाल्याचे दात बसले का नीट. काकू म्हणाल्या, "सून सगळं फोनवर मागवते. चांगली आहे, मला काही कमी नाही. पण सकाळचे साडेदहा वाजले की काय करावं ते कळत नाही हो." साडू म्हणाले, "मलाही." मी तिसरी पोळी खात होतो. मला त्यांनी वाढलं पोटभर, विचारलं काही नाही.

उतरून आम्ही गेटपर्यंत आलो तेव्हा साडू माझ्या चार पावलं पुढे होते. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलतात, हसतात, सणाला येतात, पण चालताना थोडे पुढे असतात. मी मागे वळून पाहिलं तर काकू चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभ्या होत्या आणि हात हलवत होत्या. साडूंचं लक्ष नव्हतं, म्हणून मी हात वर केला. काकूंचा तो हात कुणासाठी होता हे मला चांगलं ठाऊक आहे, आणि आता त्याचं काही वाटत नाही असं इथे लिहिता आलं असतं तर फार बरं झालं असतं.