आम्ही बजेटवाले

किस्से गोळा करायचे म्हणून कोणी गट काढत नाही. आम्हीही नाही काढला. सरकारी पैसा जिथं जायला हवा तिथं का पोचत नाही, एवढंच विचारायचं होतं. पण विचारायला ऑफिसात शिरलं की उत्तर राहतं बाजूला आणि हाती येतो किस्सा! असे इतके साचलेत की आता रागाला जागा व्हावी म्हणून मधूनमधून सांगून टाकावे लागतात.

आमची ओळख करून देतो. चंद्रपुरात माझं पंप-मोटार दुरुस्तीचं दुकान आहे. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की तिथंच बैठक भरते. वामनराव बँकेतून रिटायर झालेले. बजेटची जाडजूड पुस्तकं तेच वाचतात आणि आम्हाला समजेल अशा मराठीत सांगतात. कुसुमबाई माजरीकडं शाळेत शिकवायच्या. आवाज अजून वर्गातलाच. आणि देवाजीभाऊ खेड्यावर राहतात, तलावात मासेमारी, जोडीला थोडी धानाची शेती. नियम एकच: पक्षाचा झेंडा नाही, शाल नाही, मंचावरची खुर्ची नाही. लोक आम्हाला 'बजेटवाले' म्हणतात. काही जण आणखीही काही म्हणतात, पण ते कुसुमबाईंसमोर सांगता येत नाही.

गावांची आणि साहेबांची नावं सांगणार नाही. साहेब बदलून जातात, किस्सा तिथंच राहतो.

*

झेंडा नसण्याचा त्रास सुरुवातीलाच कळला. एका रस्त्याच्या खर्चाबद्दल विचारायला गेलो, तर सत्तेतले पुढारी डोळे बारीक करून म्हणाले, "तुम्हाले विरोधकांनी पाठवलं ना?"

मग निवडणूक झाली, सत्ता पलटली. रस्ता तसाच होता म्हणून आम्ही पुन्हा गेलो. आता कालचे विरोधक खुर्चीत. त्यांनीही अगदी तसेच डोळे बारीक केले! "समजलं मले. तुमी त्याहिची माणसं!"

कुसुमबाईंनी टेबलावर हात टेकला. "भाऊ, आमी तेच, प्रश्न तोच, खड्डाही तोच. फक्त तुमी या खुर्चीतून त्या खुर्चीत गेले!"

खड्डा अजून आहे.

*

एटापल्लीच्या वाटेवर, जंगलात आत एक गाव आहे. हातपंपाला पाणी येतं ते चहासारखं लाल. बायका भल्या पहाटे नाल्यावर जातात. ग्रामसभेत त्यांनी चांगल्या पाण्याची सोय मागितली होती. पाणी आलं नाही. आली ओपन जिम! निळ्या-पिवळ्या मशिनी, हवेत चालायच्या, हवेत सायकल मारायच्या. आम्ही गेलो तेव्हा एका मशिनीवर लुगडं वाळत होतं आणि दुसरीला बकरी बांधलेली.

डोक्यावर मोळी घेऊन एक बाई जंगलातून येत होती. मी विचारलं, "बाई, हे कशासाठी आहे, सांगितलं का कोणी?"

"सांगतलं ना. पोट कमी करायले."

"मग करता का तुम्ही?"

तिनं मोळी खाली टाकली, पदरानं घाम पुसला. "पहाटे पाण्याले गेली, मंग जंगलात गेली, आता घरी जाऊन चूल पेटवन. पोट कमी करायची मशीन पाठवली सरकारनं. आधी पोट तं पाठवा!"

आम्ही हसलो. हसल्यावर लाज वाटली. ती हसली नव्हती.

*

देवाजीभाऊंच्या गावचा तलाव जुना, मालगुजारांच्या काळातला. त्याचं तूड फुटलं, म्हणजे जिथून शेताला पाणी सोडतात ते दार. पाणी चोवीस तास वाहून जायला लागलं. मासेमारांच्या सोसायटीनं नुकतंच मासोळीचं बी टाकलेलं. गावानं दुरुस्तीची मागणी केली, आणि चक्क कामाला सुरुवात झाली! देवाजीभाऊ आनंदानं दुकानात येऊन सांगून गेले.

महिन्याभरानं आम्ही पाहायला गेलो. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, रंगीत फरशी, बसायला बाकडी, खांबावर दिवे, फोटो काढायला लाल बदामाचं चित्र. तूड तसंच फुटलेलं! तलावात मधोमध एक डबकं, आणि त्यात तोंड वर काढून तडफडणारी बोटभर मासोळी. देवाजीभाऊ नव्या कोऱ्या बाकड्यावर बसून ते बघत होते.

मग आम्ही त्यांना घेऊन थेट ऑफिस गाठलं. साहेब शांतपणे म्हणाले, "त्याचं असं आहे, सुशोभीकरणाचं हेड वेगळं आणि दुरुस्तीचं हेड वेगळं. या हेडचा पैसा त्या हेडला वळवता येत नाही."

देवाजीभाऊंनी डोक्यावरचा दुपट्टा काढला. "साहेब, माह्यं हेड तं एकच आहे. ते लय दुखून राह्यलं!"

पुढं पावसाळ्याआधी गावानंच वर्गणी केली, माती-दगड टाकून तूड बुजवलं. दिवे मात्र अजून लागले नाहीत. विजेचं हेड वेगळं आहे!

*

कोळशाच्या पट्ट्यातल्या गावांत एक विचित्र गोष्ट बघायला मिळते. पाण्याचा माठ झाकलेला, झाकणावर फडकं, फडक्यावर काळा थर. पोरं खोकतात. खाणीमुळं ज्यांचं नुकसान होतं त्यांच्यासाठी वेगळा निधी असतो, तो कुठं गेला म्हणून वामनरावांनी शोध घेतला. तर तो निघाला शहरातल्या एका चौकात. स्वागत कमान आणि तिच्यावर रंग बदलणारी लायटिंग!

या निधीवर सुनावणी झाली, तिथं गावचा एक माणूस उठला. बोलायची सवय नव्हती. एवढंच म्हणाला, "साहेब, धूळ आमच्या घरात अन् लायटिंग तुमच्या चौकात? अदलाबदलही नाई मागत! लायटिंग ठेवा तुमी, धूळही घेऊन जा."

साहेबांनी पुढचा विषय घेतला.

*

नागरिकांच्या सूचना ऐकून बजेट करायचं, असं एका नगरपालिकेनं जाहीर केलं. वामनराव हरखून गेले. रात्र रात्र बसून सूचना तयार केल्या, इस्त्रीचा शर्ट घातला. सकाळी वेळेच्या आधीच आम्ही चौघं हजर. बघतो तर सभागृहातून लोक बाहेर पडताहेत!

"झालं बजेट," शिपाई म्हणाला.

"झालं? आत्ताच तर वेळ होतेय!"

"लवकर जमले सगळे, तं लवकर पास केलं."

तेवढ्यात चहावाला किटली घेऊन जिना चढून आला. रिकामं सभागृह पाहून शिपायावर वैतागला. "काऊन बे, मी तं आत्ताच चहा ठेवला होता!"

वामनरावांनी तो चहा घेतला. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी चहा घेतला त्यांनी. म्हणाले, "हा तरी उकळून आलाय."

*

आता कुसुमबाईंचा. एका आश्रमशाळेत शिकवणाऱ्या आपल्या जुन्या विद्यार्थिनीला त्या भेटायला गेल्या होत्या. ऊन असं की कावळेसुद्धा सावली सोडत नव्हते. आणि अंगणात ट्रकमधून ब्लँकेटं उतरत होती! चांगली जाड, लोकरी.

"मार्चअखेरची खरेदी आहे बाई," अधीक्षक म्हणाले. "तेव्हा घेतली नसती तर निधी परत गेला असता."

कुसुमबाईंनी मुलींना विचारलं, "मग थंडीत काय पांघरलं गं?"

मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यातली एक म्हणाली, "आमी दोघी-दोघी निजलो बाई. एकमेकीले पांघरलो."



काही दिवसांनी आढावा बैठक होती. निधी संपूर्ण खर्च केला म्हणून मोठ्या साहेबांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं. टाळ्या झाल्या. कुसुमबाई उठल्या, पिशवीतून घरचं ब्लँकेट काढलं, पुढं गेल्या आणि भर उन्हाळ्यात ते साहेबांच्या खांद्यावर घातलं. गळ्यापर्यंत नीट गुंडाळलं, आई पोराला गुंडाळते तसं.

"हे काय बाई!"

"सत्कार, साहेब. आमी शाल घेत नाई. पण देतो!"

पुढच्या वर्षी त्या शाळेत स्वेटर दिवाळीच्या आत आले. एवढ्या वर्षांत आमच्या वाट्याला आलेले असे विजय फार थोडे आहेत, म्हणून हा मी जिथं जातो तिथं सांगतो.

*

आणि हा शेवटचा.

जंगलातल्या एका गावाला जाताना मध्ये नाला लागतो. उन्हाळ्यात घोट्याएवढा, पावसाळ्यात छातीच्या वर. दवाखाना अलीकडं, गाव पलीकडं. आजाऱ्याला खाटेवर घालून चार जण खांद्यावर आणतात. एकदा पावसाळ्यात एका अडलेल्या बाईला आणताना नाल्याच्या काठावरच थांबावं लागलं. ती वाचली, बाळ गेलं. पुलाची मागणी फार जुनी. बजेटमध्ये दर वर्षी 'टोकन तरतूद' असते. वामनरावांनी ग्रामसभेत ती समजावून सांगितली, "बसमध्ये सीटवर रुमाल टाकतात, तसं. रुमाल पडून आहे, माणूस काही येत नाही."

आम्ही त्या ग्रामसभेला गेलो, त्याच्या आदल्या दिवशी तिथं एका मोठ्या नेत्याचा दौरा होऊन गेला होता. त्यासाठी नाल्यात सिमेंटचे मोठे पाईप टाकून, वर मुरूम दाबून, बघता बघता रस्ता झाला होता! गाड्या धुरळा उडवत गेल्या, धुरळा उडवत आल्या. गावाला वाटलं, चला, झालं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी मशीन आली. पाईप काढून न्यायला!

गाव धावलं. सगळ्यात पुढं मैनीबाई. हीच त्या बाईची सासू, आदल्या पावसाळ्यात नातवंड गमावलेली. सुनेला पुन्हा दिवस गेले होते. म्हातारी घरात माडिया बोलते, पण त्या दिवशी साहेबांना कळावं म्हणून मराठीत बोलली. "कायले काढता?"

इंजिनिअर तरुण होता, घामाघूम झालेला. "बाई, बाजूला व्हा. याला मंजुरी नाही."

"काल होती?"

"काल दौरा होता."

"मंग लिहा, माह्या सुनेचा दौरा आहे. पावसाळ्यात!"

लोक हसले. इंजिनिअर चिडला. "हे नियमात बसत नाही!"

"नाई बसत? मी बसते." आणि मैनीबाई पाईपच्या तोंडाशी फतकल मारून बसली. तिच्या मागं दुसरी बाई, मग तिसरी. सून पोट सावरत आली आणि सासूच्या बाजूला टेकली. कुसुमबाई बसल्या, देवाजीभाऊ बसले, मी बसलो. वामनरावांचे गुडघे धरलेले, ते खाली कधीच बसत नाहीत. तेही बसले!

इंजिनिअरनं मशीनवाल्याला खूण केली. मशीनवाल्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं. म्हणाला, "साहेब, बायांवर मी नाई चालवत. तुमी चालवा."

सूर्य कलेपर्यंत कोणी हललं नाही. मग इंजिनिअरसाहेबांनी कोणाला तरी फोन केला, बराच वेळ नुसतं 'हो सर' म्हणाले, आणि गाडीत बसून निघून गेले. मशीनही गेली. पाईप राहिले.

पावसाळ्यात मैनीबाईच्या सुनेला कळा लागल्या, तेव्हा मुरमावरून पाणी वाहत होतं. पण तिला घेऊन जीप पार गेली.

पाऊस ओसरल्यावर आम्ही गावात गेलो, तर अंगणवाडीच्या बाई ओसरीवर बसून बाळाची नोंद घेत होत्या. मैनीबाईच्या मांडीवर काळीभोर, टपोऱ्या डोळ्यांची नात.

"नाव काय ठेवलं?"

"मंजुरी."

"मंजिरी ना? मंजिरी लिहिते."

"नाई, नाई! मंजुरी लिवा," म्हातारी म्हणाली. "सायबाकडे नव्हती. आमच्या घरी आली!"