दुर्बिणीसाठी खापर

दुर्बिणीचा आरसा घासायला मांडे भाजायचं खापर चालत नाही, हे कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही. तो शोध माझा आहे.

निवृत्तीनंतर मी घरीच दुर्बीण करायला घेतली. आरशाची काच ज्याच्यावर घासायची, ते हत्यार वरून किंचित फुगीर लागतं. लोखंडाचं जड पडेल, सिमेंटचं तडकेल, प्लास्टर पाण्यानं मऊ पडेल, असा विचार मी आठ दिवस केला. (तेवढ्यात बायकोनं, म्हणजे सुमननं, वर्षाचे पापड केले.) नवव्या दिवशी स्वयंपाकघरात मला पालथं खापर दिसलं. तयार, फुगीर आणि फुकट!

खापर सासूबाईंचं. चुलीवर तापवून त्याच्यावर हातभर रुंद मांडे, म्हणजे पातळ, मोठ्या पुरणपोळ्या, भाजायच्या. सासूबाई गेल्यावर ते मलकापूरहून आमच्याकडे मेहकरला आलं आणि वर्षातून एकदा त्याच्यावरचे मांडे खायला सुमनचे थोरले भाऊ, शंकरदादा, एसटीनं येऊ लागले. ते उद्याच येणार होते. मला हे ठाऊक होतं. मी फक्त विज्ञानाला आधी मान दिला.

सुमन बाजारात गेल्याबरोबर मी काच घासायला टणक पृष्ठभाग हवा म्हणून एपॉक्सीच्या गोंदानं खापरावर फरशीचे तुकडे चिकटवले. ते वाळल्यावर काच ठेवली, तर ती पाळण्यासारखी डोलू लागली! किंचित फुगीर आणि खापराइतकं फुगीर यांतला फरक तेव्हा समजला. घाबरून तुकडे काढायला छिन्नी घेतली. तुकडा एकही निघाला नाही. खापर मात्र दुभंगलं.

सुमन ओरडली असती तर बरं झालं असतं. ती दोन्ही भाग मांडीवर घेऊन बसली.

"आईच्या हातचं होतं हो थे," एवढंच म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. दादांची भीती त्याहून जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी दादांच्या ताटात तव्यावरची पुरणपोळी पडली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"खापर कुठी गेलं?"

मी वरणभात निरखू लागलो.

"माह्या हातून फुटलं, दादा," सुमन म्हणाली.

दादांनी तिला लहानपणी फुटलेल्या बरणीपासून सुरुवात करून यथास्थित झापलं. ती तूप वाढत राहिली. शेवटी दादा गहिवरून माझ्याकडे वळले.

"जवाईबापू, एवढी वस्तू फोडली, तरी तुमी हिले एक शब्द नाही बोलले. लय मोठं मन आहे तुमचं."

खरं सांगायची हीच वेळ होती. मी "चालायचंच" म्हणालो आणि सुमनकडे आणखी एक पोळी मागितली.