माळावर झाड नको

सावेडीतल्या आमच्या सोसायटीत, मी नेमकं काय करते हे बाबा कधी धड सांगत नसत. ते निवृत्त शाळामास्तर. मुलगी गवतावर संशोधन करते म्हटलं की लोक हसायचे, म्हणून ते नुसतं 'वनस्पतिशास्त्रात आहे' म्हणत. मला त्याचा संताप यायचा. जंगलाचा अभ्यास करणाऱ्याचं कौतुक, आणि माळाचा केला की म्हणे, 'गुरं राखायला शिकलीस की काय?'

खर्ड्याच्या पुढच्या एका गावाने वृक्षारोपणाला मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं, तेव्हा बाबा इस्त्रीचा सदरा घालून सोबत आले. लेकीचा सत्कार बघायचा होता. झाडं कुठे लावणार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गाडीतून उतरले तेव्हा कळलं. ज्या माळावर मी वर्षानुवर्षं वाकून पवन्या आणि कुसळी गवत न्याहाळलं, जिथे चंडोल जमिनीवरच घरटं करतो आणि मेंढरांना चारा मिळतो, त्याच माळावर खड्ड्यांसाठी चुन्याच्या खुणा केल्या होत्या.

शाल-नारळ झालं. सरपंचांनी हातात वडाचं रोप दिलं. मी ते टेबलावर ठेवलं आणि माईक घेतला. "हा माळ ओसाड नाही. गवत हेच इथलं पीक आहे. खड्डे घेतलेत तर गवतही जाईल आणि झाडंही जगणार नाहीत. मी रोप लावणार नाही."

सरपंच हसून म्हणाले, "म्याडम, झाडाला कुनी न्हाई म्हनतं व्हय?"

"मी म्हणते."

टाळ्या नाहीत, फोटो नाही. परतताना जामखेड आलं. बाबा म्हणाले, "एक रोप लावलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"माळ बिघडला असता."

पुढच्याच आठवड्यात जेसीबीने अर्धा माळ खणला. उन्हाळ्यात रोपं वाळली, आणि पाऊस पडताच खड्ड्यांभोवती गाजरगवत माजलं, ज्याला मेंढरं तोंड लावत नाहीत. माझं खरं ठरलं याचा मला काडीचाही आनंद नाही, नुसती चीड आहे. बाबांना मी मुद्दाम नेऊन ते दाखवलं. त्यांनी एका खड्ड्याच्या काठावर वाकून वाळकं रोप उपटून बघितलं.

यंदा उरलेल्या माळावरही चुना पडलाय. निमंत्रण आलेलं नाही, तरी मी जाणार, असं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "या वेळी माईक देणार नाहीत. घसा सांभाळ."