तापता पत्रा पुन्हा तापतो

आमच्या बँडचे एकूण एकसष्ट चाहते आहेत, आणि गेल्या हिवाळ्यात ते सगळे फैजपूरच्या एका शेतात एकमेकांच्या अंगावर धावून गेले.

एकसष्ट हा आकडा ऐकून हसू नका. रॉक बँड, तोही जळगावचा, तोही सत्तावीस वर्षांपूर्वी बंद पडलेला! त्याला एवढी माणसं म्हणजे गर्दीच म्हणायची. (त्यातली बावीस नात्यातली आहेत. पण नातेवाइकांना आपलं गाणं आवडणं ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे ज्याला नातेवाईक आहेत त्याला सांगायला नको.)

बँडचं नाव 'तापता पत्रा'. कारण आम्ही ऐन मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये सराव करायचो. ड्रमवर केशव, जो आता फैजपूरला केळी पिकवतो. गिटारवर विलास, जो आता चोपड्याला पोरांना गणित शिकवतो. आणि गायला मी, जो आता जळगावात ठिबकच्या नळ्या विकतो. कॉलेज संपता संपता आम्ही एक कॅसेट काढली. तिच्यातलं शेवटचं गाणं 'पंचेचाळीस डिग्री' भलतंच गाजलं. 'पत्रा तापला, माथा तापला, तापला सारा गाव, पंचेचाळीस डिग्रीमध्ये घेऊ नका गारव्याचं नाव!' हे शब्द माझे. त्याबद्दल आता काही करता येत नाही.

जळगावात वाटायच्या कॅसेटी आम्ही जळगावातच भरून घेतल्या. धुळ्याच्या प्रती मात्र धुळ्याच्या एका दुकानात भरल्या. दुकानावर पाटी होती, 'रेडिओ दुरुस्ती, कॅसेट भरून मिळतील', आणि मालक होते प्रकाशभाऊ. भाऊंनी कॅसेटी भरता भरता गाणी ऐकली, घरी नेली, आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे सुनंदाने, ती इतक्या वेळा ऐकली की माझं स्थळ गेलं तेव्हा ती आईला म्हणाली, "हा गाणारा असेल तर मला बघायचीसुद्धा गरज नाही."

बघायचा कार्यक्रम झालाच. आमच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी, मला बजावलं होतं, "तिथे तोंड उघडू नको, बाकी सगळं जमेल." मी पोहे खाण्यापुरतंच उघडलं. लग्न ठरलं. त्याआधी दोन वर्षं धुळ्यात आमच्या बँडचा कार्यक्रमही ठरला होता, पण ऐन वेळी केशवची केळी कापणीला आली, कार्यक्रम गेला आणि पाठोपाठ बँडही गेला. पुढे सासरची मंडळी गाण्याचा आग्रह करायची. पण जावयाने सासुरवाडीत गाणं आमच्याकडे शोभत नाही, म्हणून मी आढेवेढे घ्यायचो. खरं तर आणखी थोडा आग्रह झाला असता तर गायलो असतो.

सुनंदाचं मात्र माझ्या गळ्यावर प्रेम. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून आजतागायत रोज सकाळी ती मला अडुळशाचा काढा देते. चहाच्या आधी, पेलाभर, कडूजहर! गायकाच्या घशाची एवढी काळजी कोणत्या बायकोने घेतली असेल? मी मित्रांना हे अभिमानाने सांगायचो. एकच गोष्ट मनाला लागायची. इतक्या वर्षांत तिने मला एकदाही 'गा' म्हटलं नाही. मी आपणहून गुणगुणायला लागलो की ती जरा वेळ कान देऊन ऐकायची, सुस्कारा सोडायची आणि दुसऱ्या दिवशी काढ्यात अडुळसा वाढवायची.

तर गेल्या दिवाळीत केशवचा फोन आला. "भो, आपून पुन्हा गाणे काढू. मले आता नातू झाला, मी काय मेल्यावर ड्रम वाजवू का?"

विलासने कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगची सोय केली. सहा नवी गाणी, आणि शेवटी पुन्हा एकदा 'पंचेचाळीस डिग्री'. माझ्या मनात एकच होतं. या अल्बमवर सुनंदाने एकदा, फक्त एकदा, 'वा' म्हणायला हवं. लोकांचं काय, लोक एकसष्टच आहेत.

चाहत्यांच्या ग्रुपवर आम्ही नव्या 'पंचेचाळीस डिग्री'चा अर्धं मिनिट टाकलं. जळगावकडच्यांनी अंगठे वर केले. "तस्संच! जसंच्या तसं!" पाचच मिनिटांत धुळ्याहून प्रकाशभाऊंचा अहिराणीत आवाजी निरोप आला.

"पाव्हना, हाऊ आवाज कोना शे? आनि गानं इतलं काब्र पळी राह्यनं? मांगे कुत्रं लागनं का?"

आवाज परका आणि गाणं पळतंय, असं म्हणत मग धुळेकर तुटूनच पडले. गाण्याची वाट लावली म्हणाले. मूळ गाण्यात कसा दम होता, कसा भारदस्त आवाज होता, जसं काही सातपुडाच बोलतोय! आम्ही कलाकार माणसं, चाहत्यांचा मान राखायला हवा. विलासने गाणं संथ केलं आणि पुन्हा, या वेळी अख्खं, टाकलं. आता जळगावचे उठले. "हे गाणं आहे का मयताची मिरवणूक?" विलासने मधला वेग काढला. (गणिताचा मास्तर. सरासरी काढून जग सुखी होतं अशी त्याची श्रद्धा आहे.) त्यावर दोन्ही बाजूंनी शिव्या दिल्या आणि त्या दिवशी प्रथमच ग्रुपचं एकमत झालं.

धुळेकरांची आणखी एक तक्रार होती. गाण्याचा शेवट बदललाय! त्यांच्या म्हणण्यानुसार मूळ गाणं 'घेऊ नका गार' इथे खाडकन तुटतं आणि पुढे सगळी शांतता. "काय शेवट व्हता! अंगवर काटा ये!" प्रकाशभाऊ सांगत होते. मी विलासला विचारलं. विलासने केशवला विचारलं. असा शेवट आम्ही केल्याचं तिघांनाही आठवेना, पण इतकं कौतुक होत होतं की नाही म्हणवेना.

"पण भाऊ," मी फोनवर म्हटलं, "माझा आवाज तर पहिल्यापासून असाच आहे ना?"

"बोलाना असाच शे, बारीक," भाऊ म्हणाले. "पन गावाना येगळा व्हता. म्हनीसन तर आम्ही म्हनूत, कलाकार शे! तुम्ही आस करा, मडकामा तोंड घालीसन गावा."

बोलायचा आवाज एक, गायचा वेगळा, आणि तो परत आणायला मडक्यात तोंड! दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी फोन ठेवला असता. पण तोवर माझी लाज संपली होती. स्वयंपाकघरात कुणी नाही असं पाहून मी पाण्याचा माठ रिकामा केला, तोंड आत घातलं आणि गायलो, 'पत्रा तापला, माथा तापला...' आवाज घुमला. मलाच माझा आदर वाटला. वर पाहतो तो दारात सुनंदा! पिण्याच्या माठात तोंड घातलं म्हणून आता ही मला घराबाहेर काढणार, असं वाटलं. पण ती तशीच उभी. गाल लाल झालेले.

"परत गा ना," ती हळूच म्हणाली.

मी चकित झालो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा! मी पुन्हा तोंड घातलं, पण तेवढ्यात शिट्टी झाली आणि ती कुकरकडे वळली.

शेवटी केशवने तोडगा काढला. "दोन्हीकडच्यायले भरीत पार्टीले बोलावू. भरीत पोटात गेलं का मानूस भांडत नाही." आमच्याकडे हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते, आणि तिच्यात भलेभले भाऊबंद एकत्र आलेले मी पाहिलेत. ठरलं. भरीत खायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून अल्बम ऐकायचा.

रविवारी दुपारी केशवच्या शेतात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर हिरवी वांगी भाजली जात होती. दोघे जण लाकडी बडगीत, म्हणजे उखळीसारख्या भांड्यात, भाजलेली वांगी आणि मिरच्या ठेचत होते. धुळेकर एका गाडीतून उतरले आणि बांधाच्या पलीकडे बसले. जळगावकर बांधाच्या अलीकडे. सुनंदा माहेरची म्हणून पलीकडे गेली. माझं ताट अलीकडे. संसारात अशी फाळणी आम्ही प्रथमच पाहिली.

केशवने घाई केली. भरीत वाढायच्या आधीच अल्बम लावला! उपाशी माणसांना रॉक ऐकवू नये, हे मी अनुभवाने सांगतो. सहा गाणी लोकांनी वांग्यांकडे बघत काढली. शेवटचं, आमच्या मूळ वेगातलं, सुरू झालं आणि प्रकाशभाऊ उठले.

"हाई आमनं गानं नहीच!"

"मूळ गाणं असंच आहे!" अलीकडून कुणीतरी ओरडलं.

"तुमले काय कयस? आम्ही सत्तावीस वरीस ऐकी राह्यनूत!"

"आम्ही काय झोपलो होतो का?"

बघता बघता लोक बांध ओलांडू लागले. एकाच्या हातात बडगीतलं मुसळ होतं. भरीत ठेचायचं थांबलं, म्हणजे प्रकरण किती गंभीर असेल पाहा. माझा एक मावसभाऊ आणि सुनंदाचा एक चुलतभाऊ एकमेकांची कॉलर धरून 'पत्रा तापला' हीच ओळ दोन वेगांत एकमेकांच्या तोंडावर म्हणत होते.

"थांबा!" विलास वर्गात ओरडतो तसा ओरडला. "जुनी कॅसेट कुणाकडे आहे?"

दोन्हीकडे होती. पुरावा म्हणून दोन्ही पक्ष घेऊनच आले होते. केशवच्या जुन्या ट्रॅक्टरवर अजून टेप चालतो. आधी जळगावची कॅसेट लागली. गाणं आलं. वेग तोच, आवाज तोच, बारीक. (इतका बारीक असेल असं मला वाटलं नव्हतं.) जळगावकरांनी टाळ्या वाजवल्या.

मग धुळ्याची लागली.

आणि ट्रॅक्टरमधून एक पहाड बोलायला लागला. संथ, जाड, दमदार! प्रत्येक शब्द छातीतून येत होता. गिटार मेघ गर्जावा तशी. वांगी जळायला लागली तरी कुणी हललं नाही. माझ्या अंगावर काटा आला, आणि पहिला विचार मनात आला की कोण हा माणूस, याला भेटायला पाहिजे! मग 'घेऊ नका गार' आलं आणि खाडकन गाणं तुटलं.

विलास घड्याळाकडे बघत होता. "चार मिनिटांचं गाणं. इथे पाच मिनिटं झाली तरी संपलेलं नाही. गाणी लांबली म्हणून शेवटचं गाणं कॅसेटमध्ये मावलंच नाही. भाऊ, या कॅसेटी भरल्या कशावर?"

प्रकाशभाऊ मटकन बांधावर बसले.

"बेल्ट," ते म्हणाले.

"कसला बेल्ट?"

"टेपना बेल्ट तुटेल व्हता. बजारमा भेटना नही. मंग सायकलनी ट्यूब कापीसन लाई दिधी." त्यांनी मान खाली घातली. "ती जराशी ढिली व्हती."

म्हणजे दुकानात ज्या टेपवर मूळ कॅसेट वाजत होती तो हळू फिरत होता, आणि त्यावरून भरलेल्या सगळ्या कॅसेटी हळू आणि जाड आवाजाच्या झाल्या. धुळ्याने सत्तावीस वर्षं माझ्यावर प्रेम केलंच नव्हतं. त्यांनी सायकलच्या ट्यूबवर प्रेम केलं होतं!

मला वाटलं, आता तरी जळगावकर माझी बाजू घेतील. खरा आवाज कुणाचा हे सिद्ध झालं होतं. पण माझा सख्खा मावसभाऊ, ज्याची कॉलर अजून वाकडी होती, तो पुढे आला आणि म्हणाला, "राव, धुळ्याचंच चांगलं आहे की! पुन्हा लाव रे केशव." पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. बांध संपला, ताटं एक झाली, एकसष्ट माणसं भरीत-पुरी खाता खाता गळ्यात गळे घालून ऐकत होती. अल्बमचा विषय कुणी काढला नाही. "प्रकाशभाऊ, तो टेप अजून आहे का?" अशी चौकशी मात्र सगळे करत होते.

मी सुनंदाला शोधलं. ती ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसली होती, हातातली पुरी तशीच.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मला कसं माहीत असणार? बघायला आलात तेव्हा तुम्ही बोललातच नाहीत. लग्नानंतर बोललात, तेव्हा मला वाटलं लग्नाच्या धावपळीत घसा धरलाय. चार दिवसांत सुटेल."

"मग?"

"मग काय! सुटेना. म्हणून काढा सुरू केला."

मी तिच्या शेजारी बसलो. पंचवीस वर्षं, रोज एक पेला. मी ज्याला प्रेम समजत होतो तो इलाज चालला होता! आणि ही बाई एवढी वर्षं, एकदाही न बोलता, आशेवर होती. मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणीही आलं. (मिरच्यांचा धूर होताच.)

"फसलीस मग तू," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हातातली पुरी मोडून अर्धी मला दिली. "आता काय इलाज? माल मूळचाच असा शे," ती म्हणाली. रागावली किंवा फार खूश झाली की तिला माहेरची बोली येते. ही त्यातली कोणती वेळ होती, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काढा आला नाही. थेट चहा आला. पंचवीस वर्षांनी चहाची चव कळली, आणि जरा वाईटही वाटलं, कारण काढा बंद म्हणजे तिने आशा सोडली. चहा मोजकाच होता. आणखी हवा होता, पण माझ्या आवाजात मागायची हिंमत होईना. मी गुपचूप उठलो, माठाचं झाकण काढलं, पाणी ओतून टाकलं, तोंड आत घातलं आणि म्हणालो, "सुनंदा, अर्धा कप आणखी मिळेल?"

आतून बांगड्या वाजल्या. भरलेला कप आला, वर दोन बिस्किटं. आणि ती लाजली होती!

आता आमच्या घरात दोन माठ आहेत. पाणी त्यातल्या एकातच भरतात.